नवा स्क्रीन रीडर लिहू नका, आहे त्याला नीट मराठी बोलायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी मेजर प्रोजेक्ट म्हणून लिनक्स डेस्कटॉपसाठी मराठी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, लिहायचं ठरवलं आहे, पायथनमध्ये आणि अगदी शून्यापासून. तो स्वतःच्या डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या स्वतंत्र संचात) घालून अंध विद्यार्थ्यांना पेन ड्राइव्हवर वाटायचा असाही बेत आहे. लिनक्सवरचा सध्याचा स्क्रीन रीडर ओर्का जुना झालाय, वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर चालत नाही आणि मराठी धड बोलत नाही, ही त्यांची तीन कारणं. सुरुवात कुठून करावी, कोणाबरोबर तपासावं आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर भागेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

तीन कारणांपैकी पहिल्यात तथ्य नाही, दुसरं बरंचसं शिळं झालंय आणि तिसरं खरं आहे. पण तिसऱ्यावर नवा स्क्रीन रीडर हा इलाज नाही. म्हणून स्पष्टच सांगतो, तो लिहू नका. डिस्ट्रो तर मुळीच काढू नका. तुमच्या हातात जे काही महिने आहेत त्यात याहून मोलाचं काम होऊ शकतं, आणि त्यातलं निम्मं काम असं आहे की ज्याला मराठी कानाने कळते त्यानेच ते करायला हवं.

आधी हे यंत्र आतून कसं चालतं ते पाहू, म्हणजे मी नको का म्हणतोय ते कळेल.

टॅब दाबला आणि फोकस 'जतन करा' या बटणावर गेला, तर ओर्काला पडद्यावरचं काहीही 'दिसत' नसतं. तो चित्र वाचत नाही. ॲप ज्या टूलकिटमध्ये (बटणं, खिडक्या पुरवणाऱ्या लायब्ररीत) लिहिलंय, म्हणजे जीटीके, क्यूटी किंवा ब्राउझरचं स्वतःचं इंजिन, ते टूलकिट खिडकीतल्या सगळ्या घटकांचा एक ट्री बाहेर मांडतं. त्यातल्या प्रत्येक घटकाची भूमिका असते (बटण, चेकबॉक्स, यादीतली ओळ), नाव असतं, अवस्था असते (निवडलेलं, बंद, विस्तारलेलं) आणि इतर घटकांशी असलेली नाती असतात, उदाहरणार्थ हे लेबल त्या रकान्याचं. ही सगळी माहिती एटी-एसपीआय नावाच्या ठरलेल्या भाषेत डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप धाडतात त्या वाटेवरून, जाते, तीही ॲक्सेसिबिलिटीसाठी राखलेल्या वेगळ्या बसवरून. फोकस बदलल्याची खबर आली की ओर्का त्या घटकाची चौकशी करतो, काय बोलायचं आणि कुठल्या क्रमाने ते ठरवतो आणि तयार वाक्य स्पीच डिस्पॅचरकडे देतो. स्पीच डिस्पॅचर ते बोलणाऱ्या इंजिनाकडे सोपवतो. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये ते इंजिन ईस्पीक एनजी असतं. ब्रेल डिस्प्ले जोडलेला असेल तर तिकडची वाट बीआरएलटीटीवाय (डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम) आणि लिबलुई (मजकुराचं ब्रेल करणारी लायब्ररी) यांच्यातून जाते.

म्हणजे साखळीत पाच-सहा कड्या, आणि ओर्का त्यातली एकच. वापरणारा मात्र कुठलीही कडी तुटली तरी 'ओर्का बोलत नाही' असंच म्हणतो, आणि त्याचं काही चूक नाही. ॲपच्या लेखकाने आयकॉनवालं बटण ठेवलं आणि त्याला नाव दिलं नाही, तर ओर्का 'बटण' म्हणून गप्प बसतो. लोकलमध्ये 'पुढील स्टेशन' एवढं म्हणून घोषणा थांबावी तसं. तुम्ही शून्यापासून लिहिलेला रीडरसुद्धा तिथे 'बटण' एवढंच म्हणेल, कारण नाव मुळात बसवर आलेलंच नाही.

आता ओर्का 'जुना' असण्याबद्दल. त्याची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. पहिला आराखडा मार्क मुल्काही या अंध प्रोग्रामरचा. सप्टेंबर २००६ मध्ये ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपची २.१६ ही आवृत्ती आली, तिच्यासोबत ओर्का त्याचा अधिकृत स्क्रीन रीडर झाला आणि आधीचा नॉपर्निकस मागे पडला. सनने यावर पैसा खर्च केला त्यामागे भूतदया कमी आणि बाजार जास्त होता. अमेरिकेत १९९८ मध्ये कलम ५०८ कडक झालं आणि सरकारी खात्यांना विकायचं तर सॉफ्टवेअर अपंगांना वापरता आलं पाहिजे अशी अट आली. मला यात वावगं काही वाटत नाही. कायद्याच्या रेट्याने जी कामं झाली ती टिकली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, ॲक्सेसिबिलिटीची टीम विखुरली, आणि त्यानंतर बराच काळ हा प्रकल्प मुख्यतः जोनमेरी डिग्ज यांनी सांभाळला. अंधांना संगणक शिकवता शिकवता त्या या कामात आल्या आणि पुढे इगालिया या कंपनीतून ते करत राहिल्या. दरम्यान ग्नोम ३ आलं, २०११ मध्ये. त्या सुमारास खालचा पाया कॉर्बा या जुन्या व्यवस्थेवरून डी-बसवर हलवला गेला, म्हणजे इमारत उभी असताना जोतं बदललं.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की ओर्काच्या कोडमध्ये जी वर्षं साठली आहेत ती तुम्हाला फुकट मिळणार नाहीत. त्यात लिबरऑफिसच्या तक्त्यांसाठी वेगळी वागणूक आहे, ब्राउझरसाठी वेगळी, थंडरबर्डसाठी वेगळी. वेबपानावर ब्राउझ मोड (वाचत फिरायचा) आणि फोकस मोड (रकान्यात टाइप करायचा) यांत कधी उडी मारायची, एकाच वेळी दहा घटना आल्या तर कुठल्या नऊ गिळायच्या, टर्मिनलमध्ये मजकूर धो-धो वाहायला लागला तर कुठे थांबायचं, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. कॉलेज प्रोजेक्टचा स्क्रीन रीडर टेक्स्ट एडिटरमध्ये छान बोलतो, व्हायव्हाला एक्स्टर्नल खूश होतात आणि जूनमध्ये तो रेपॉझिटरीत पडून राहतो. असे प्रकल्प मी बरेच पाहिलेत. त्यांच्या मागे राहतात ते वापरणारे, ज्यांनी दोन आठवडे खर्चून नवे शॉर्टकट पाठ केलेले असतात.

डिस्ट्रोचंही तेच, फक्त जास्त धोक्याचं. तिला दर आठवड्याला सुरक्षेचे अपडेट लागतात. नोकरी लागल्यावर ते कोण देणार? तशी गरजही नाही. केरळात उबंटू माटेवर आधारलेली ॲक्सेसिबल कोकोनट ही अंधांसाठीची डिस्ट्रो आधीच आहे. आणि साध्या डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये बूट मेन्यूवर 'एस' दाबून एंटर केलं की पुढचं सगळं इन्स्टॉलेशन बोलत बोलत होतं. कोणा डोळस माणसाला शेजारी बसवावं लागत नाही. ग्नोममध्ये सुपर, ऑल्ट आणि एस एकत्र दाबले की ओर्का सुरू, पुन्हा दाबले की बंद. हे ज्याला माहीत नाही त्याला ते सांगणं हेच अर्धं काम आहे.

वेलँडचा मुद्दा. वेलँडच्या आधीच्या एक्स ११ मध्ये कुठलाही प्रोग्राम सगळ्या कळा ऐकू शकत असे आणि सगळ्या खिडक्या पाहू शकत असे. सुरक्षेच्या दृष्टीने ते भयंकर, पण स्क्रीन रीडर त्याच मोकळेपणावर जगत होता. वेलँडने दारं बंद केली, तशी ओर्काचीही केली. ओर्काची कळ दाबली तरी काही खिडक्यांत ती ओर्कापर्यंत पोचायचीच नाही, जीटीके ४ च्या ॲपमध्ये तर हमखास. पण ही गोष्ट मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ च्या आधीची. त्या आवृत्तीपासून मटर, म्हणजे ग्नोमचा खिडक्या सांभाळणारा भाग, ओर्काला कळांची खबर थेट देतो आणि कॅप्स लॉकसुद्धा ओर्काची कळ म्हणून चालते. तुम्ही बहुधा जुन्या एलटीएसवर (वर्षानुवर्षं तीच ठेवतात अशा आवृत्तीवर) तपासलंत. सगळं सुटलंय असं मात्र नाही. वेलँडमध्ये ॲपला आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे कळत नाही, त्यामुळे माउसखालची वस्तू वाचून दाखवणं यासारख्या सोयी अजून लंगड्या आहेत. दुसरीकडे एक्स ११ चं सत्र एकेका डिस्ट्रोतून जातंय, उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचं ते सत्र नाही. म्हणजे 'एक्स ११ वर जा' हा जो सल्ला इतकी वर्षं दिला जायचा तो आता द्यायला नको.

या पायाचीच नव्याने मांडणी करणारा न्यूटन नावाचा प्रयत्न मॅट कॅम्पबेल यांनी सुरू केला, जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडने ग्नोम फाउंडेशनला २०२३ मध्ये जे दहा लाख युरो दिले त्यातून. कॅम्पबेल यांचीच ॲक्सेसकिट ही रस्टमधली लायब्ररी जीटीके ४.१८ मध्ये पर्याय म्हणून आली आहे. वाचा, समजून घ्या, पण तिथे हात घालू नका. ते काम वर्षानुवर्षं चालणारं आहे.

मग हात कुठे घालायचा? दोन जागा सांगतो. पहिली कोणालाही जमेल अशी, दुसरी तुमचीच.

पहिली जागा म्हणजे ॲप. रोजच्या वापरातली पाच-सहा ॲप निवडा: फाइल्स, कॅलेंडर, संगीत, नोंदी, एखादं चॅट. माउस काढून ड्रॉवरमध्ये टाका. आधी ओर्का न लावता फक्त कीबोर्डवर काम करून पाहा, कारण जिथे कीबोर्ड पोचत नाही तिथे ओर्का पोचून उपयोग नाही. ही पायरी लोक हटकून गाळतात. नंतर ओर्का लावा आणि पडद्याचा ब्राइटनेस शून्यावर न्या. डोळे मिटून भागत नाही, माणूस हळूच उघडतो. काही अडलं की ॲक्सेरसायझर हे तपासणीचं साधन उघडून बसवर नेमकं काय आलंय ते बघा; जीटीके ४ च्या ॲपमध्ये इन्स्पेक्टरमध्येही ॲक्सेसिबिलिटीचा भाग आहे. दोष कुठल्या कडीत आहे हे तिथेच कळतं. नाव बसवर आलंय पण ओर्का बोलत नाही, तर ओर्काकडे तक्रार. नावच आलेलं नाही, तर ॲपचा दोष, आणि दहापैकी नऊ वेळा तोच निघतो, निदान माझा अनुभव असा.

दुरुस्ती बहुतेक वेळा दोन-चार ओळींची असते. बटणाला लेबल ही ॲक्सेसिबल प्रॉपर्टी द्यायची. रकाना आणि त्याच्या शेजारचं लेबल यांना 'लेबल्ड बाय' या नात्याने जोडायचं. नाव देताना 'बटण' हा शब्द नावात घालू नका. भूमिका ओर्का स्वतः सांगतो, नाहीतर 'जतन करा बटण बटण' असं ऐकू येतं. टूलटिप आहे म्हणजे नाव आलंच असं धरून चालू नका, ऐकून खात्री करा. अवघड असतात ते हाताने रंगवलेले घटक, म्हणजे कॅलेंडरमधला महिना, आलेख, ध्वनीची पट्टी. ते टूलकिटच्या दृष्टीने नुसता कॅनव्हास असतात, ट्रीमध्ये त्यांच्या पोटात काहीच नसतं. तिथे आधी प्रत्येक दिवस, प्रत्येक बिंदू फोकस घेईल असा करावा लागतो आणि मगच नावं. असं एकच काम नीट पुरं केलंत तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याचा प्रोजेक्ट झाला. स्वतः मजकूर रंगवणाऱ्या घटकांसाठी जीटीके ४.१४ मध्ये, म्हणजे २०२४ च्या मार्चमध्ये, खास सोय आली. त्याआधी जीटीके ४ मधलं असं टर्मिनल ओर्काला धड वाचून दाखवता येत नव्हतं. जुन्या लेखांत 'जीटीके ४ मध्ये हे होत नाही' असं वाचलंत तर लेखाचं वर्ष बघा.

पॅच, म्हणजे केलेली दुरुस्ती, ॲपच्या कर्त्यांकडे पाठवताना एक करा. 'ॲक्सेसिबिलिटी सुधारली' असं मोघम लिहू नका. आधी ओर्का काय म्हणायचा आणि आता काय म्हणतो, ही दोन वाक्यं जशीच्या तशी लिहा. मेंटेनर, म्हणजे ॲपचा कोड सांभाळणारा, बहुतेक वेळा डोळस असतो आणि ओर्का कसा चालवायचा हे त्याला माहीत नसतं. ती दोन वाक्यं वाचली की त्याला समजतं. आणि एका मर्ज रिक्वेस्टमध्ये (दुरुस्ती मूळ कोडात घ्यायच्या विनंतीत) चाळीस बटणं कोंबू नका.

आता दुसरी जागा: आवाज. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा गाभा हाच असायला हवा.

ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. ती माणसासारखी वाटत नाही, टिनच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटते, आणि तुमच्यासारख्या डोळस मुलांची पहिली प्रतिक्रिया असते की हे काढून टाकू आणि न्यूरल मॉडेलचा गोड आवाज लावू. थांबा. सरावलेला स्क्रीन रीडर वापरणारा ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाला तुम्हा-आम्हाला एक शब्द लागत नाही. त्या वेगाला ईस्पीकचा कृत्रिम आवाज स्पष्ट राहतो, कारण तो रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून नाही तर फॉर्मंटच्या, म्हणजे आवाजातल्या ठळक वारंवारतांच्या, गणिताने तयार होतो. शिवाय कळ दाबताक्षणी बोलणं सुरू व्हायला हवं आणि पुढची कळ दाबताक्षणी तुटायला हवं. या दोन गोष्टींत किंचित उशीर झाला तरी दिवसभर वापरणारा माणूस वैतागतो. पुस्तक ऐकायला न्यूरल आवाज जरूर द्या. मेन्यूतून फिरायला ईस्पीकच बरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: विंडोजवरचा एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर ईस्पीक एनजी आणि लिबलुई हे दोन्ही सोबत घेऊनच येतो. म्हणजे तुम्ही मराठीचे नियम सुधारलेत तर ते लिनक्सपुरतं राहत नाही. पुढेमागे एनव्हीडीएच्या नव्या आवृत्तीतून ते नांदेडच्या सायबर कॅफेतल्या विंडोजपर्यंत पोचतं. तुमच्या स्वतंत्र रीडरला हे भाग्य कधी लाभणार?

काम कसं असतं ते सांगतो. ईस्पीकच्या कोडमध्ये प्रत्येक भाषेची एक नियमांची फाइल आणि एक शब्दांची यादी असते. नियम अक्षरांवरून ध्वनी ठरवतात, यादीत अपवाद असतात. बदल केला की ईस्पीकला 'कंपाइल' हा पर्याय आणि 'एमआर' हा भाषेचा कोड द्यायचा, आणि लगेच ऐकायचं. मोठ्या एक्सचा पर्याय दिला की कुठल्या शब्दाला कुठला नियम लागला ते छापून येतं. सी भाषा यायलाच हवी असं नाही. कान हवा आणि चिकाटी हवी.

मराठीत अडचणी कुठे आहेत हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, फक्त त्या कधी लिहून काढल्या नाहीत. शब्दाच्या शेवटचा आणि मधला 'अ' कधी गळतो, कधी राहतो. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत: 'चमचा' मधला च वेगळा, 'चहा' मधला वेगळा. यातलं काही नियमात बसतं, बरंच यादीत घालावं लागतं. जिथे एकाच लिखाणाचे दोन अर्थ आणि दोन उच्चार आहेत (पाण्याचा जग आणि सारं जग) तिथे वाक्य समजल्याशिवाय इलाज नाही. तो नाद सोडा, जास्त वेळा येणारा उच्चार ठेवा. मग 'दर्या' आणि 'दऱ्या'. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा साध्या र ला हलंत व झेडडब्ल्यूजे (जोडणारं अदृश्य चिन्ह) लावून. वेबवरच्या मजकुरात दोन्ही सापडतात, दिसायला सारखेच दिसतात, म्हणून दोन्हींची चाचणी करा. याखेरीज संक्षेप आहेत: रु., कि.मी., डॉ., इ. स. आणि आकडे. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे एकेक करून पाठ करावे लागतात, यंत्रालाही तसेच द्यावे लागतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गफलत झाली आणि समोर बँकेचं स्टेटमेंट असलं तर ती किरकोळ चूक राहत नाही.

आणखी एक बारीक जागा आहे, जिथे मला वाटतं अजून कोणी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. एटी-एसपीआय मजकूर मोजतं ते युनिकोडच्या कोड पॉइंटमध्ये. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, तिथे सहा: स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर पुढे जाताना कर्सर कुठे थांबतो आणि रीडर त्या वेळी काय उच्चारतो, हे ॲपगणिक बदलतं. प्रूफ तपासणाऱ्या अंध माणसाला हे दोन्ही हवं असतं: कधी अख्खं जोडाक्षर, कधी त्याचे तुकडे. लिबरऑफिस, फायरफॉक्स, जीटीके ४ चा एडिटर आणि क्यूटीचा एडिटर यांत हीच दहा जोडाक्षरं टाकून तक्ता करा. असा तक्ता हातात असला की तक्रार नोंदवणं सोपं होतं आणि समोरच्याला ती नाकारता येत नाही. ब्रेलवाल्यांसाठी लिबलुईमधला मराठीचा तक्ताही याच पद्धतीने तपासता येईल, पण त्यासाठी भारती ब्रेल वाचणारा माणूस सोबत हवा. अंदाजाने त्यात बदल करू नका.

फक्त अंधत्वाचाच विचार करू नका, हेही जाता जाता. ज्यांना कमी दिसतं त्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यातले निम्मे स्वतःला अपंग म्हणवून घेत नाहीत. 'चष्म्याचा नंबर वाढलाय' म्हणतात. ग्नोममध्ये मोठा मजकूर चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून ठरावीक उंची दिलेल्या चौकटींत आपल्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात. 'कार्यक्रम' चा रफार गेला की वाचणारा अडखळतो. हे दोषही एका ओळीच्या सीएसएसने सुटतात. फाँटचा प्रश्न मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी सुटलेला आहे. आपल्या मुंबईतल्याच एक टाइपने केलेला मुक्त परवान्याचा 'मुक्त' लहान आकारातही स्वच्छ दिसतो, शिवाय नोटो आणि लोहित आहेतच. हात थरथरणाऱ्यांसाठी स्टिकी कीज, स्लो कीज, बाउन्स कीज असतात. त्या एकदा चालू करून इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करून पाहा, कारण तिथे शिफ्टचा वापर भरपूर आहे.

कोणाबरोबर तपासायचं? मुंबईत तुम्ही नशीबवान आहात. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून चालणारं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) कार्यालय वरळी सी फेसला आहे. रीतसर पत्र लिहा, गाइडची सही घ्या, आणि पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नका. ते लोक काय वापरतात ते आधी पाहा. बहुतेक जण फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) आणि कॉम्प्युटरवर विंडोज वापरताना दिसतील, कारण नोकरीच्या ठिकाणी तेच असतं. त्यांना लिनक्सवर 'आणायचं' हे तुमचं काम नाही. ज्याला प्रोग्रामिंग शिकायचंय, ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे, ज्याला सर्व्हरवर काम करायचंय, त्याला लिनक्स आपणहून लागतं. असे दोघे-तिघे मिळाले तरी पुरे. त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचे पैसे द्या. चहा-बिस्किटं म्हणजे मानधन नव्हे. ते अडले की त्यांच्या हातातून कीबोर्ड घेऊ नका, खांद्यावरून 'खाली, खाली, अजून खाली' असं सांगू नका. गप्प बसून कुठे अडले ते लिहा. त्यांच्या स्पीचचा वेग कमी करायला सांगू नका. तुम्हाला कळत नसेल तर नंतर रेकॉर्डिंग हळू करून ऐका. आणि संध्याकाळी साडेपाचला बोलावू नका. काठी घेऊन त्या वेळच्या लोकलमध्ये चढायला लावणं योग्य नाही.

एक्स्टर्नलनी 'सामाजिक उपयुक्तता काय' असं विचारलं तर भाषण नको, कायदा सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याची जबाबदारी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगमतेचे नियम शिफारसवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक मानकं करा. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काशी जोडलं गेलं. सुगमतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. पुरे.

कामाची वाटणी मी अशी करेन: दोघं ईस्पीकच्या मराठी नियमांवर आणि यादीवर, एक जण जोडाक्षरांच्या तक्त्यावर आणि त्यातून निघालेल्या तक्रारींवर, चौथा एका ॲपवर. ईस्पीकवाल्यांनी पहिला महिना नियमांना हात न लावता फक्त चाचणीचे शब्द गोळा करावेत. वर्तमानपत्र, रेल्वेची सूचना, वीजबिल, दहावीचं पुस्तक, गावांची नावं. एकाने ईस्पीककडून बोलवून घेतलेलं दुसऱ्याने न बघता लिहून काढायचं, आणि जे चुकीचं लिहिलं गेलं ते यादीत. चौघंही एकाच भागातले असाल तर विदर्भातला किंवा कोकणातला एखादा कान उसना घ्या, नाहीतर दादरची मराठी हीच मराठी असा समज कोडमध्ये जाऊन बसेल. मर्ज रिक्वेस्ट लवकर पाठवा, फेब्रुवारीपर्यंत थांबू नका. मेंटेनरला तुमच्या सबमिशनच्या तारखेशी देणंघेणं नसतं आणि एकेका उत्तराला आठवडे लागू शकतात. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, मर्ज न झालेला पॅचही दाखवता येतो, फक्त त्यावरची चर्चा सोबत जोडा.

८ जीबी रॅमबद्दल: भरपूर आहे. ईस्पीक आणि ओर्का मिळून जे घेतात ते ब्राउझरच्या दोन टॅबपेक्षा कमी असतं. मात्र व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करू नका. तिथे आवाज अडखळतो, कॅप्स लॉक आणि इन्सर्ट या कळा होस्टकडे अडकतात, आणि दोष ओर्काचा की व्हर्च्युअल मशीनचा यात दिवस जातो. एका लॅपटॉपवर ग्नोम ४८ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेली फेडोरा थेट बसवा, दुसऱ्यावर डेबियन. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर ओर्काच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची मांडणी 'लॅपटॉप' करा, म्हणजे कॅप्स लॉक ही ओर्काची कळ होईल. ती धरून स्पेस दाबलं की सेटिंग उघडतात, एच दाबलं की शिकण्याचा मोड सुरू होतो आणि दाबाल त्या कळीचं काम तो सांगतो. बाहेर पडायला एस्केप. आणि इयरफोन वायरचे घ्या, ब्लूटूथमध्ये उशीर होतो आणि पहिला शब्द खाल्ला जातो.